गळ्यातली माळ आणि चुकलेली केमो: एका प्रकरणाचा अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या कर्करोग विभागात मी समुपदेशक म्हणून काम करते. हे प्रकरण लिहायला त्या बाईंनी आणि त्यांच्या घरच्यांनी संमती दिली आहे. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा फिरवले आहेत. श्रद्धेचा आधार घेऊन केलेल्या मानसोपचाराबद्दल बोलणं सोपं असतं. प्रत्यक्षात तो करताना कुठे कुठे अडायला झालं आणि माझं काय चुकलं, ते इथे जसं घडलं तसं मांडते आहे.

पार्श्वभूमी

शेवंताबाई, वय ४६. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, त्या वाटेवरचं त्यांचं गाव. घरात पती आणि कॉलेजात जाणारा मुलगा, मुलीचं लग्न झालेलं. दीर-जाऊ त्याच वाड्यात, चूल वेगळी. दीड एकर बागायत, दोन म्हशी. शाळा चौथीपर्यंत. सासरी तीन पिढ्यांची वारी. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी माळ घातली, तेव्हापासून एकादशी आणि संध्याकाळचा हरिपाठ कधी चुकला नव्हता. पालखी गावातून जायची त्या दिवशी दिंडीतल्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरी त्यांच्या घरची असायची आणि पहिल्या भाकऱ्या त्याच थापायच्या.

निदान झालं तेव्हा डाव्या स्तनाचा कर्करोग तिसऱ्या अवस्थेत होता. गाठ मोठी होती, रोग काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता. अशा वेळी आधी केमो देऊन गाठ लहान करतात, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. केमोमध्ये आधी दर २१ दिवसांनी एक असे ‘लाल औषधाचे’ ४ डोस आणि त्यानंतर दर आठवड्याला एक असे पॅक्लिटॅक्सेलचे १२ डोस ठरले. लाल औषध हा वॉर्डातला शब्द. ॲड्रियामायसिनचा रंग तसा असतो, घेतल्यावर एखादा दिवस लघवीही लालसर होते. आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होत होता, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती.

पहिले दोन डोस वेळेवर झाले. उलट्या झाल्या, केस गेले, वजन ४ किलो उतरलं. तिसऱ्या डोसच्या दिवशी शेवंताबाई आल्याच नाहीत.

अडचण

डे-केअरच्या सिस्टरांनी दोनदा फोन केला. ‘पुढच्या आठवड्यात येतो,’ एवढंच उत्तर मिळालं. समाजसेवकांनी चौकशी केली तेव्हा कळलं की दिराच्या आग्रहावरून घरात देवीचा गोंधळ घातला, एका देवऋषीकडे जाऊन अंगारा आणला आणि त्याने दिलेली कसलीशी पुडी रोज चालू आहे. विभागातल्या बैठकीत यावरून लगेच निष्कर्ष निघाला: अंधश्रद्धा, घरच्यांना समजावून सांगायला हवं. प्रकरण माझ्याकडे आलं ते ‘अंधश्रद्धेमुळे उपचार सोडलेली रुग्ण’ या शेऱ्यासह.

मी पतींना फोन केला. उपचार का थांबवले हा प्रश्न त्यांना तोपर्यंत तिघांनी विचारला होता, म्हणून मी वेगळं विचारलं. दुसऱ्या डोसच्या दिवशी दवाखान्यात नेमकं काय काय झालं, सकाळी गाडीतून उतरल्यापासून सांगा, म्हटलं. त्यांनी रक्त तपासणी, रांग, सलाईन सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, “त्या आहारवाल्या मॅडमनी दोन अंडी रोज खायाला सांगितली. तवापासनं गप हाय बघा. देवीचं-बिवीचं भावानं नंतर काढलं.”

आहाराच्या छापील कागदावर ‘उकडलेली अंडी २’ अशी खूण केलेली होती. आपण काय खाता, हे कोणी विचारलेलं नव्हतं. वजन उतरत होतं, प्रथिनं हवी होती, सल्ला चुकीचा नव्हता. पण शाकाहारी बाईला अंडं सांगितलं तर ती ‘आम्ही खात नाही’ म्हणते आणि विषय संपतो. एवढ्यावरून कोणी केमो सोडत नाही. अंड्याच्या मागे आणखी काहीतरी होतं.

‘औषध घेऊ नका, नुसतं बोलायला या,’ म्हणून मी त्यांना बोलावलं. ठरलेली तारीख उलटून १२ दिवस झाले होते.

पहिली भेट आणि माझी चूक

शेवंताबाई समोर बसल्या तेव्हा डोक्याला रुमाल होता, पदर गळ्याशी घट्ट लपेटलेला. बोलताना उजवा हात सारखा गळ्याकडे जायचा, हाडाच्या वरच्या खळगीला लागायचा आणि परत मांडीवर यायचा. घशात जळजळ होत असेल, मळमळ असेल असं मला वाटलं. तसं मी टिपूनही ठेवलं.

त्रासाची पातळी सांगा म्हटल्यावर त्यांनी ० ते १० च्या पट्टीवर ८ वर बोट ठेवलं. या पट्टीवर ४ किंवा वर आकडा आला की सविस्तर चौकशी करायची असते. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत २७ पैकी १६ आले. जगण्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, “पांडुरंगानं उचललं तर बरं हुईल.” स्वतः काही करून घेण्याचा विचार येतो का, हे मी थेट विचारलं. तसा विचार नव्हता, तयारीही नव्हती. तरी मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवलं.

त्यानंतर त्या हळूच म्हणाल्या, “माझंच करणं हाय, मॅडम. भोगतीया.”

मी चटकन बोलून गेले, “असं नसतं मावशी. देव कधी कुणाला अशी शिक्षा करतो का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही माळकरी हाय का?”

“नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

त्या दिवशी पुढे काहीच झालं नाही. त्यांना धीर द्यावा अशी माझी इच्छा होती, पण झालं असं की ज्या विषयात माझा अधिकार नव्हता त्यात मी निकाल देऊन मोकळी झाले. शिवाय त्यांनी दार किलकिलं केलं होतं तेवढ्यात मी ते माझ्या वाक्यानं बंद केलं. धार्मिक दिलासा समुपदेशकाच्या तोंडून पटकन निघतो, कारण तो देताना आपल्यालाही हायसं वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की यांना पुढचं ऐकायचं नाही.

दुसरी भेट: गळ्याकडे जाणारा हात

चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या याचं श्रेय त्यांच्या पतींना. मी आधी माफी मागितली. “मावशी, परवा मी मध्येच बोलले. मला माहीत नसलेल्या गोष्टीवर बोलले. आज तुम्ही सांगा, मी ऐकते.” मग चार साध्या गोष्टी विचारल्या. अडचणीत तुम्ही कुणाचा धावा करता? रोजच्या जगण्यात त्याचं स्थान काय आहे? तुमच्यासारखे, तुमच्या वाटेचे लोक सोबत आहेत का? आणि या सगळ्याचं दवाखान्यानं काय भान ठेवावं असं तुम्हाला वाटतं? रुग्णाची श्रद्धा समजून घेण्यासाठी अमेरिकेतल्या डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९० च्या दशकात ‘फायका’ नावाची प्रश्नांची मांडणी केली, तिचंच हे आपल्या बोलीतलं रूप. प्रश्न सोपे आहेत. ते पहिल्या दिवशी विचारायचे असतात. मी दुसऱ्या भेटीत विचारले.

तिसऱ्या प्रश्नाला त्या थांबल्या. “सोबत हुती,” एवढंच म्हणाल्या आणि हात पुन्हा गळ्याकडे गेला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून माळ घालणाऱ्या बाईच्या गळ्यात माळ नाही.

“मावशी, माळ कुठाय?”

मग सगळं बाहेर आलं. २०२१ च्या मे महिन्यात त्यांना कोरोना झाला होता. बऱ्या झाल्या तरी अंगात ताकद राहिली नव्हती, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जावेनं चार दिवस बोकडाच्या पायाचं सूप करून पाजलं. पहिल्या दिवशी त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वासावरून कळलं आणि कळूनही त्यांनी तीन दिवस घेतलं, कारण जगायचं होतं, मुलीचं लग्न व्हायचं होतं. बऱ्या झाल्यावर माळ बाटली म्हणून स्वतःच्या हातानं काढली आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून देव्हाऱ्याच्या मागे ठेवली. नवऱ्याला सांगितलं, दोरा तुटला. त्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी पायी वारी झालीच नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या, म्हणून कुणाच्या नजरेला आलं नाही. २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा गुडघ्याचं निमित्त सांगितलं. त्यानंतर छातीत गाठ लागली. दाखवायला आठ महिने लावले ते याच कारणानं. जे आलंय ते का आलंय हे त्यांच्या मनाशी पक्कं ठरलेलं होतं, मग दाखवून काय करायचं?

त्यात रोज दोन अंडी सांगितली गेली. “एकदा जगण्यासाठी खाल्लं तर ह्ये झालं. आता परत तेच सांगत्यात,” त्या म्हणाल्या. दवाखाना त्यांना दुसऱ्यांदा तेच पाप करायला लावत होता. देवऋषी आणि गोंधळ हे दिराचं होतं. त्या गेल्या, कारण नाही म्हणायचं बळ नव्हतं.

पर्याय

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं बसलो: कर्करोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, डे-केअरच्या सिस्टर आणि मी. केमोला उशीर होत होता, त्यामुळे फार वेळ नव्हता.

श्रद्धेचा विषय बाजूला ठेवायचा, नेहमीचं समुपदेशन करायचं आणि केमोचं महत्त्व पटवायचं, असं एक मत पडलं. पण त्यांना केमोचं महत्त्व पटलेलंच होतं. आपण त्याला लायक नाही असं वाटत होतं. तो विषय टाळून बाकी बोलत राहणं म्हणजे पायात काटा असताना डोक्याला तेल लावण्यासारखं झालं असतं.

नैराश्यावर गोळी सुरू करावी का, यावर मनोविकारतज्ज्ञांनी दोन आठवडे थांबायचं ठरवलं. कर्करोग परत येऊ नये म्हणून पुढे टॅमॉक्सिफेन हे औषध द्यायचं होतं आणि नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिनसारख्या गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून लागलीच तर दुसरी गोळी निवडायची, हेही तेव्हाच लिहून ठेवलं. झोप आणि मरणाचे विचार यांवर दर भेटीत लक्ष ठेवायचं ठरलं.

सरळ एखाद्या महाराजांकडे पाठवावं, असं सिस्टरांनी सुचवलं. त्यात तथ्य होतं. माळ बाटली की नाही हे मी सांगू शकत नव्हते, संप्रदायातलं माणूसच सांगू शकत होतं. भीती अशी की ते माणूस काय बोलेल यावर आपला ताबा नाही. ‘पाप केलंस, आता भोग’ असं कोणी म्हणालं असतं तर सगळंच हातचं गेलं असतं.

शेवटी दोन्ही धागे धरायचं ठरलं. मनाचं काम माझ्याकडे, पण त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच परंपरेतली साधनं वापरून; आणि अधिकाराचा प्रश्न त्यांच्या दिंडीतल्या त्यांनीच निवडलेल्या माणसाकडे, मी आधी बोलून घेतल्यावर. यामागे अभ्यासाचंही पाठबळ होतं. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी धार्मिक माणूस संकटात श्रद्धेचा वापर दोन तऱ्हांनी करतो हे दाखवलं आहे. एकात देव सोबतीला असतो. दुसऱ्यात देव शिक्षा करतोय, त्यानं टाकलंय, अशी आतल्या आत झुंज चालते. आजारी ज्येष्ठांवरच्या त्यांच्या २००१ सालच्या अभ्यासात अशी झुंज चालू असलेल्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं. ‘रुग्ण धार्मिक आहे, म्हणजे तिला आधार आहे’ असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. शेवंताबाईंच्या बाबतीत तीच श्रद्धा फिर्यादी होती.

काय केलं

सगळ्यात आधी आहाराचा कागद बदलला. आहारतज्ज्ञ स्वतः येऊन बसल्या आणि त्यांनी घरात काय शिजतं ते विचारलं. हुरड्याच्या दिवसांत काय, पावसाळ्यात काय, इथपर्यंत. भाकरीच्या पिठात सोयाबीन, शेंगदाण्याचं कूट, शिजवलेली मटकी, डाळी, घरचं दूध नीट उकळून, पनीर. अंड्यावर काट मारली, त्यांच्यासमोर. कागदावरची ती काट शेवंताबाई बराच वेळ बघत होत्या. एकादशीचं त्यांनीच ठरवलं: डोसनंतरच्या पाच दिवसांत एकादशी आली तर ती पुढं धरायची, एरवी राजगिरा, भगर, दूध पोटभर घ्यायचं.

देवऋषीची पुडी आणायला सांगितली. त्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. केमोच्या दिवसांत यकृतावर आधीच भार असतो, म्हणून कर्करोगतज्ज्ञांनी ती बंद करायला सांगितली. अंगारा कपाळाला लावायला हरकत नाही, पोटात नको, एवढाच फरक मी दिरांना समजावला. त्यांना भावजयीसाठी काहीतरी करायचं होतं. केमोला ने-आण करायची जबाबदारी त्यांनी घेतली आणि शेवटपर्यंत पार पाडली.

तिसरा डोस १९ दिवस उशिरा झाला.

दिंडीतल्या विणेकऱ्यांचं नाव शेवंताबाईंनी सांगितलं. सुपाची गोष्ट त्या स्वतः सांगणार होत्या, मी नाही, हे आधी ठरलं. मी फोनवर फक्त आजार आणि उपचार सांगितला आणि दोनच गोष्टी अजमावल्या: हा माणूस उपचार थांबवायला सांगेल का, आणि हा आधी ऐकून घेईल का. सत्तरीतले शेतकरी. पुढे भेट झाल्यावर त्यांनी सगळं ऐकलं आणि मग म्हणाले, “आजारपणात घशाखाली काय गेलं त्याचा हिशेब मी धरू? माझ्या बापाला म्हातारपणी कॉड लिव्हरच्या गोळ्या चालू हुत्या. माशाच्याच की त्या. वीणा त्यांनी कवा खाली ठेवला न्हाई.” तुझं काही चुकलंच नाही, असं ते म्हणाले नाहीत. “तुझ्या मनाला बाटली वाटती ना, मग नवी घाल,” एवढंच म्हणाले. मी पहिल्या दिवशी दिलेल्या दिलाशापेक्षा हे किती शहाणपणाचं होतं, हे मला फार नंतर उमगलं. त्यांनी शेवंताबाईंना चूक वाटत होती ती चूक राहू दिली आणि तिच्यातून बाहेर पडायची वाट दाखवली.

माझ्या भेटींत आम्ही दोषाची वाटणी केली. कागदावर मी एक भाकरी काढली. हा आजार होण्यात कुणाकुणाचा किती वाटा, ते चतकोरांनी दाखवा म्हटलं. त्यांनी तीन चतकोर स्वतःला दिले, एक नशिबाला. मग डॉक्टरांना विचारून आलेल्या गोष्टी मांडल्या: वय, शरीरातली संप्रेरकं, एकेका माणसात नेमकं कारण बहुतेक वेळा सांगता येत नाही, गाठ हाताला लागायच्या आधी बराच काळ आत वाढत असू शकते. यातलं काहीच त्यांना फारसं भिडलं नाही. भिडलं ते त्यांचं स्वतःचंच वाक्य. भाकरीकडे बघत म्हणाल्या, “आमच्या आत्याबाई हयातभर माळकरी. लकव्यानं चार वर्षं अंथरुणात हुत्या. मीच केलं समदं. त्यांनी काय खाल्लं हुतं?”

मला वाटलं, गाठ सुटली. पण पुढच्या भेटीत त्या अधिकच खचलेल्या होत्या. पट्टीवरचा आकडा मधल्या काळात ६ पर्यंत उतरला होता, तो पुन्हा ८ वर गेला. “मग झालं कशापायी?” हा एकच प्रश्न. याची तयारी मी केली नव्हती. दोषात यातना असतात, पण कारणही असतं. ‘मी खाल्लं म्हणून झालं’ यात जगाला नियम होता. तो नियम काढून घेतल्यावर उरलं ते नुसतं दुखणं. इथे थांबावं आणि औषध सुरू करावं का, यावर मनोविकारतज्ज्ञांशी पुन्हा बोलले. एक आठवडा बघू, असं ठरलं.

त्या आठवड्यात मी फक्त विचारलं, हा प्रश्न ज्याला विचारायचा त्याला विचारलात का? त्या दचकल्या. देवाला जाब कसा विचारायचा? आणि मग स्वतःच म्हणाल्या, “तुकोबा भांडले की. जनाबाईनं तर शिव्या घातल्या. मीच का गप बसू?” वारकऱ्यांच्या घरात विठोबाशी भांडण हे भक्तीच्या बाहेरचं नसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे तुळशीपाशी बसून त्या बोलायला लागल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. पतींनी एवढंच सांगितलं, “मोठ्यानं बोलती. रडती. मग च्या टाकती.” दोन आठवड्यांत झोप सुधारली. गोळी सुरू करायची वेळ आली नाही.

पालखीचा दिवस

तिसऱ्या डोसनंतर नवव्या दिवशी पालखी गावातून जाणार होती. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. तपासणीत त्या खाली आल्याच होत्या. गर्दीत जायचं नाही, तीर्थ घ्यायचं नाही, ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की दिवस, तडक दवाखाना, असं कर्करोगतज्ज्ञांनी सांगितलं. शेवंताबाईंना नवी माळ पंढरपुरातच घालायची होती. माझ्या मनात भीती होती की त्या सरळ चालायला लागतील.

तोडगा विणेकऱ्यांनी काढला. दिंडी घरावरून जाते, दहा मिनिटं दारात थांबेल, माळ तिथं घालू. शेवंताबाई तोंडाला मास्क लावून ओट्यावर बसल्या. तीर्थाऐवजी ओंजळीत तुळशीचं पान दिलं, ते त्यांनी रुमालाच्या खाली केस नसलेल्या डोक्यावर ठेवलं. सकाळी चुलीपुढे पाट मांडून पहिली भाकरी त्यांनीच थापली होती. बाकीच्या जावेनं थापल्या. जावेनं सूप पाजलं होतं, दोघी त्या विषयावर कधी बोलल्या नव्हत्या. त्या सकाळी बोलल्या की नाही हे मला ठाऊक नाही.

मणी हाताला लागत नाहीत

चौथ्या डोसनंतर पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. सहाव्या आठवड्यात गप्पांच्या ओघात त्या म्हणाल्या, “जपात मन लागंना. मणी हाताला लागत न्हाईत.” मी हे मनाचं म्हणून ऐकलं आणि पुढे गेले. घरी जाताना बसमध्ये ते वाक्य परत आठवलं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं: मन लागत नाही, की बोटांना मणी कळत नाही? बोटांना कळत नव्हता. टोकं बधिर झाली होती, ब्लाऊजची बटणंही लागत नव्हती. पॅक्लिटॅक्सेलनं नसांना होणारा हा नेहमीचा त्रास आहे. डॉक्टरांनी विचारल्यावर त्या ‘बरं हाय’ म्हणत आल्या होत्या. तपासून औषधाची मात्रा कमी केली. जपासाठी माळ बाजूला ठेवून श्वासावर नाम घ्यायला सुरुवात केली: श्वास घेताना ‘विठ्ठ’, सोडताना ‘ल’. पुढे सुई टोचतानाही त्यांना त्याचा उपयोग झाला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री

इथे मी कमी पडले. गळ्यात नवी माळ आली याचा आनंद होताना, काही महिन्यांनी शस्त्रक्रियेसाठी ती काढावी लागेल हे मला सुचायला हवं होतं. वारकऱ्याची माळ गळ्यासरशी बांधलेली असते, डोक्यावरून निघत नाही. आदल्या संध्याकाळी वॉर्डातली मुलगी यादीप्रमाणे बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी उतरवून माळेपाशी आली आणि तिनं कात्री उचलली. शेवंताबाई पलंगावरून उठून जिन्यात जाऊन बसल्या. मला रात्री साडेआठला फोन आला.

हातात बांधावी तर डावी बाजू शस्त्रक्रियेची, उजव्या हाताला सलाईन. पायात बांधणं शक्यच नव्हतं. विणेकऱ्यांना फोन लागेना. शेवटी पतींनीच विचारलं, “मी घातली तर चालंल का?” तेही माळकरी. त्यांनी जिन्यातच बसून नखांनी गाठ सोडवली, अर्धा तास लागला, कारण दोरा कापायचा नव्हता. मग ती माळ स्वतःच्या माळेवर बांधली. सकाळी शेवंताबाई चालत ऑपरेशन थिएटरकडे गेल्या.

निष्पत्ती

शस्त्रक्रिया, १५ दिवसांचे किरणोपचार, सगळं पूर्ण झालं. टॅमॉक्सिफेन चालू आहे. शेवटच्या, नवव्या भेटीत पट्टीवर ३ आणि पीएचक्यू-९ मध्ये ७ आले. श्रद्धाधारित उपचारानं कर्करोग बरा झाला, असा अर्थ यातून कोणी काढू नये. तो केमोनं, शस्त्रक्रियेनं आणि किरणांनी आटोक्यात आणला. आम्ही केलं ते एवढंच की त्या उपचारांपर्यंत पोचल्या आणि टिकल्या. अपराधाची भावना पुरती गेलेली नाही. तपासणीची तारीख जवळ आली की ती डोकं वर काढते. मग पहाटे तुळशीपाशी आवाज वाढतो, असं पती सांगतात.

आज वेगळं काय करेन

श्रद्धेचे ते चार प्रश्न आता आमच्याकडे पहिल्याच भेटीत विचारले जातात आणि आहाराचा कागद त्यानंतर भरला जातो. रुग्णानं सुरू केलेलं धार्मिक वाक्य मी आता पूर्ण होऊ देते, मग ते कितीही जड असो. दोषाची वाटणी करण्याआधी, दोष गेल्यावर मागे काय उरेल याचा विचार करते. तो आठवडा शेवंताबाईंनी मी बेसावध असताना काढला. ‘अंधश्रद्धा’ हा शेरा कोणाच्याही फायलीवर लिहू देत नाही, कारण त्या शेऱ्यानं देवऋषी आणि हरिपाठ एकाच पोत्यात भरले गेले आणि अंड्याची खूण कोणाच्याच डोळ्यांना दिसली नाही. जावेशी मी बोलायला हवं होतं. तिनं जीव वाचवायला सूप केलं होतं आणि पुढे जे झालं त्याचं ओझं तिच्याही मनावर असणार. ते राहून गेलं.

शस्त्रक्रियेच्या यादीत दागिन्यांच्या खाली आता एक ओळ आहे: ‘माळ, गंडा, ताईत, क्रूस, जानवं: कोण काढणार, कोणाकडे राहणार, आधी विचारणे.’ किरणोपचाराच्या वेळी तिची गरज पडली. माळ किरणांच्या टप्प्यात येत होती. तीन आठवडे शेवंताबाईंचे पती रोज यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसून गाठ सोडवायचे आणि माळ स्वतःच्या गळ्यात घालायचे, त्या बाहेर आल्या की परत बांधायचे. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली. नंतर नंतर तंत्रज्ञ मुलगा त्यांची गाठ सुटेपर्यंत दार उघडं धरून उभा राहायचा.